शोभेचा व्यापार

पिंपरी-चिंचवडपासून भोसरीवरून चाकणपर्यंत कारखान्यांचा जो पट्टा पसरलेला आहे, त्याचा इतिहास हा वजनमापाचा इतिहास आहे. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा सरकारी कारखाना स्थापन झाला; त्यामागून स्कूटर, मालमोटारी व यंत्रांचे सुटे भाग करणारे कारखाने आले. येथें निर्माण होणारा माल तराजूंत घालतां येतो, गेजनें मोजतां येतो आणि सदोष ठरल्यास परत करतां येतो. परंतु याच पट्ट्यांतील तरुण कामगार पाळी संपवून खोलीवर परततो, मोबाइल उघडतो आणि असा माल विकत घेतो, कीं ज्यास वजन नाहीं व ज्याचा कोणत्याहि कामीं उपयोग नाहीं. तो खेळांतील एका काल्पनिक बंदुकीचा रंग विकत घेतो. खेळाडू त्यास ‘स्किन’ म्हणतात. या रंगानें नेम अधिक अचूक लागतो असें नाहीं. तरीहि एक जगड्व्याळ उद्योग आज याच रंगावर उभा आहे.

रंग विकण्याची ही विद्या मोटारींच्या धंद्यानें फार पूर्वींच आत्मसात् केली होती. अमेरिकेंत हेन्री फोर्डची मॉडेल टी गाडी १९१४ पासून १९२५ पर्यंत केवळ काळ्या रंगांत मिळत असे. जनरल मोटर्स कंपनीनें लवकर वाळणाऱ्या नव्या रंगलेपाच्या साह्यानें १९२३ पासून निळ्या गाड्या बाजारांत आणल्या आणि १९२७ सालीं ‘कला व रंग’ असें स्वतंत्र खातेंच उघडलें. उत्तम चालणारी गाडीहि मालकास जुनी वाटूं लागावी, यांत त्या खात्याचें यश होतें. त्याच वर्षीं मॉडेल टी बंद झाली. याच जनरल मोटर्सनें पुढें २००८ सालीं चाकणशेजारीं तळेगांवीं कारखाना काढला व तेथील उत्पादन २०२० च्या अखेरीस थांबविलें. आकुर्डीची रीत मात्र वेगळी होती. १९७२ पासून बजाजची चेतक स्कूटर निघूं लागली, तेव्हां गिऱ्हाइकास रंगापेक्षां नंबर केव्हां लागतो याचीच चिंता अधिक. नोंदणी करून तो वर्षानुवर्षें वाट पाहात असे. उपयोग हाच त्या काळीं शृंगार होता.

ऑनलाइन खेळांचा आरंभहि उपयोगाच्याच किंमतीनें झाला. प्रथम खेळाची तबकडी विकत असत, नंतर मासिक वर्गणी आली. परंतु वर्गणी मागितली कीं खेळाडू ओसरतात, हा अनुभव दक्षिण कोरियांतील नेक्सॉन कंपनीस आला. म्हणून २००१ सालीं तिनें आपला ‘क्विझक्विझ’ हा खेळ विनामूल्य केला आणि खेळांतील पात्रांचे पोशाख व वस्तू विकण्यास प्रारंभ केला. पश्चिमेकडे ही कल्पना पचण्यास वेळ लागला. २००६ सालीं ‘ऑब्लिव्हियन’ या खेळांत अडीच डॉलरांस घोड्याचें चिलखत विकावयास ठेविलें, तेव्हां त्याची मोठी थट्टा झाली. तो एकट्यानें खेळावयाचा खेळ. घोड्याचा थाट पाहणार कोण? दागिना पेटींत शोभत नाहीं, तो लग्नघरांत शोभतो. जेथें अनेक जण एकत्र खेळतात, तेथें ही अडचण उरली नाहीं. ‘टीम फोर्ट्रेस २’ मध्यें २००९ सालीं टोप्या आल्या, २०१० सालीं दुकान उघडलें, आणि २०११ सालीं मूळ खेळच फुकट झाला. घर फुकट व दरवाजावरील तोरण विकत, असा हा उलटा संसार.

तथापि केवळ हौसेवर एवढा उद्योग चालला नसता. २०१७ सालच्या अखेरीस ‘फोर्टनाइट’ने ‘बॅटल पास’ नांवाच्या योजनेस जगभर प्रसिद्धि मिळवून दिली. तींत पैसे आधीं घेतात, पण पोशाख लागलीच देत नाहींत. रोज येऊन नेमून दिलेलीं कामें केलीं, म्हणजे ते एकेक करून हातीं पडतात. कांहीं आठवड्यांनीं हंगाम संपतो आणि जें मिळवावयाचें राहिलें तें बुडतें. म्हणजे पैसे देऊन माणूस माल घेत नाहीं, हजेरी घेतो. कारखान्यांतील पाळी संपली कीं मोबाइलवरील दुसरी पाळी सुरू होते. भेद इतकाच, कीं या पाळीचें वेतन कामगारच देतो. शिवाय दुकानांत रुपये थेट चालत नाहींत. रुपयांचें खेळांतील नाणें करून घ्यावें लागतें, त्यामुळें किती खर्च झाला याचें भान सुटतें.

या बंधनाची खरी परीक्षा भारतांत झाली. २०१८ सालीं आलेला पबजी मोबाइल हा खेळ केंद्र सरकारनें २ सप्टेंबर २०२० रोजीं इतर ११७ अ‍ॅपांसह बंद केला, व ३० ऑक्टोबरला त्याची भारतांतील सेवा थांबली. पैसे मोजून जमविलेले पोशाख एका रात्रींत दिसेनासे झाले. २ जुलै २०२१ रोजीं क्राफ्टन कंपनीनें तोच खेळ भारतासाठीं नव्या नांवानें आणला, तेव्हां जुन्या खात्यांतील पोशाख नव्या खात्यांत नेण्याची सोय ठेविली. नवें घर बांधणाऱ्यानें जुन्या भाडेकरूची पेटी परत दिली. भाडेकरू पेटीमागून आला. त्याच वेळीं अठरा वर्षांखालील खेळाडूंस दिवसाला ३ तासांची व ७००० रुपये खर्चाची मर्यादा घातली गेली. कंत्राटी कामगाराच्या घरीं ७००० रुपये म्हणजे केवढी रक्कम, हें निराळें सांगावयास नको.

पुण्यानेंहि या व्यापारांत पाऊल टाकलें आहे. येथील सुपरगेमिंग या कंपनीनें ऑक्टोबर २०२४ मध्यें ‘इंडस’ हा खेळ आणला. त्यांतील वेश व स्थळें भारतीय कल्पनेनें सजविलेलीं आहेत. कौशल्य आपलें, वेश आपला. व्यापाराची रीति मात्र जगाचीच.

कायदा या प्रश्नाभोंवतीं हळूहळू फिरत आहे. फसव्या मांडणीमुळें नकळत खरेदी झालेल्यांना परत देण्यासाठीं २०२२ सालीं फोर्टनाइटच्या मालक कंपनीनें अमेरिकेंत २४.५ कोटी डॉलर भरण्याचें मान्य केलें. भारतांत ऑगस्ट २०२५ च्या कायद्यानें पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली. परंतु तिचा रोख जिंकण्याच्या आशेनें लावलेल्या पैशावर आहे. नुसती शोभा विकत घेणें ही निराळी गोष्ट.

हौस करूं नये असें कोणी म्हणणार नाहीं. कारखान्याच्या गणवेशांत सारे सारखे दिसतात. तेथून परतलेल्या मुलास चार मित्रांत वेगळें दिसावेंसें वाटणें स्वाभाविक आहे. प्रश्न मालकीचा आहे. आकुर्डीची चेतक बापानें वापरली, मुलास दिली, आणि शेवटीं भंगारवाल्यानेंहि तिचे चार पैसे दिले. खेळांतील पोशाखाची विक्री म्हणजे केवळ वापरण्याची परवानगी असते. तो कोणास वारसाहक्कानें देतां येत नाहीं, आणि दुकान बंद झालें कीं पेटीसकट नाहींसा होतो. घराघरांतून मुलांस पैशाचा हिशेब शिकविला जातो. त्यांत आतां एक प्रश्न वाढवावयास हवा: विकत घेतलेली वस्तु उद्यां कोणाची?