पिशवी काढली, पाळी गेली... आणि मन?

कलबुर्गी जिल्हा आम्हा गोमंतकीयांना ठाऊक असतो तो गाणगापूरमुळे. नरसोबाची वाडी, औदुंबर, गाणगापूर अशी दत्तस्थाने करून आलेली माणसे आपल्याकडे वाड्यावाड्यावर सापडतील. भीमा-अमरजा संगमावरचे स्नान, निर्गुण पादुका, माधुकरी, हे सगळे सांगून झाले की थोडा आवाज खाली आणून सांगायची ती दुपारच्या आरतीची हकीकत. आरती सुरू झाली की बाधा झालेली माणसे घुमतात, किंचाळतात, खांबांवर चढतात. मी ऐकलेल्या अशा हकीकतींत बहुतेक वेळा एखादी चाळिशी-पंचेचाळिशीची बाई असते. ‘चांगली संसारी बाई हो, अचानक तिला काय झाले कोण जाणे!’

बाधा पुरुषांनाही होते, कोणत्याही वयात होते. तेव्हा या सर्व बायकांची पाळी जात होती असा माझा दावा नाही. पण झोप उडणे, कारण नसताना रडू फुटणे, घरच्यांवर खेकसणे, रात्री घामाने भिजून छातीत धडधडत उठणे हे सारे त्या वयात खरोखरच होते. त्याला आपल्या जुन्या बोलीत नाव काय? पाळी थांबण्याला नाव होते: विटाळ गेला, पाळी गेली. मनाच्या त्या हेलकाव्याला मात्र नव्हते. मग त्याला भुताचे नाव मिळाले, नाहीतर बाईच्या स्वभावाचे.

शास्त्रकारांचेही फारसे वेगळे नाही. पाळी साधारण बाराव्या वर्षी सुरू होऊन पन्नाशीत संपते असे सुश्रुतसंहितेत स्पष्ट सांगितले आहे. युरोपात ‘मेनोपॉज’ या शब्दाचे मूळ रूप गार्दान नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १८२१ मध्ये रूढ केले. पुढे क्रेपेलिन या जर्मन मनोवैद्याने उतारवयातल्या उदासीनतेला वेगळा रोगच ठरवला. १९८० मध्ये अमेरिकन मनोवैद्यांनी आपल्या रोगयादीतून तो काढून टाकला, कारण तसा स्वतंत्र रोग सिद्ध झाला नव्हता. आजची समज अशी, की पाळी कायमची थांबण्यापूर्वी काही वर्षे शरीरातले इस्ट्रोजेन एकसारखे न उतरता वरखाली होत राहते. त्यात झोप मोडते आणि मनही हलते. सर्वांना नाही, पण पूर्वी नैराश्य येऊन गेलेल्या बाईला धोका अधिक.

आता पुन्हा कलबुर्गीकडे. बीदर आणि कलबुर्गी हे जुन्या निजामी हैदराबाद संस्थानचे जिल्हे १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेले. औराद, भालकी, बसवकल्याण, आळंद या तालुक्यांत मराठी आजही घरात बोलली जाते. याच मुलखात लमाणी तांडे आहेत. आपल्या कळंगुट-बागाच्या किनाऱ्यावर मणी-आरशांच्या पिशव्या विकणाऱ्या लमाणी बाया पाहिल्यात ना? त्यांचीच ही जातभाईंची वस्ती.

२०१५ मध्ये कलबुर्गीतल्या लमाणी आणि दलित बायकांची गर्भाशये गरज नसताना काढल्याचे प्रकरण बाहेर आले. पोटात दुखते, अंगावरून पांढरे जाते म्हणून बाई खासगी दवाखान्यात जायची. ‘पिशवी खराब झाली, कॅन्सर होईल’ असे ऐकून कर्ज काढून ऑपरेशन करून घ्यायची. कित्येकजणी पस्तिशीच्याही आतल्या! चौकशी समित्या बसल्या, काही रुग्णालयांचे परवाने रद्द करण्याची कारवाई झाली. फेब्रुवारी २०१७ मध्ये या बायकांनी कलबुर्गीत मोर्चा काढला. वृत्तपत्रांनी तेव्हा बाधित बायकांचा आकडा २,२५८ असा दिला होता. ती रुग्णालये सुरूच आहेत, ही त्यांची मुख्य तक्रार होती.

पलीकडे महाराष्ट्रात, लातूर-धाराशिव ओलांडून बीडला, २०१९ मध्ये हेच निघाले. नीलम गोऱ्हे यांच्या समितीने ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ बायकांची पाहणी केली. १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. तिथे आणखी एक कारण होते. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली आणि एक खाडा झाला तर दंड. पाळीच नको, म्हणजे खाडा नको!

‘पिशवी’ हा शब्दच बघा. पिशवी रिकामी झाली की फेकता येते. मुले झाली, आता तिचे काम काय? हा हिशेब डॉक्टरांनी मांडला, आणि दुर्दैवाने बायकांनाही तो पटला. आमच्या कार्यालयातही चहाच्या वेळी ‘काढून टाक आणि मोकळी हो’ असा सल्ला सहज दिला जातो. पण मोकळी कशी होणार? गर्भाशयाबरोबर दोन्ही अंडाशये काढली, तर नैसर्गिकपणे काही वर्षांत हळूहळू होणारा बदल एका दिवसात होतो. तीस-पस्तिशीच्या बाईला पन्नाशीचे सगळे भोग एकदम: घाम, निद्रानाश, चिडचिड, उदासी, पुढे ठिसूळ हाडे. अंडाशये ठेवली तरी पाळी जाण्याची वेळ सरासरीने अलीकडे येते.

ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि ५ एप्रिल २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना त्या तीन महिन्यांत लागू करायला सांगितले. चाळिशीच्या आतल्या ऑपरेशनांवर त्यांत विशेष लक्ष आहे. ज्यांचे आधीच झाले, त्यांच्या मनाचे काय, हा प्रश्न उरतोच. खरे तर जिल्हा पातळीवर मनोविकारांवर उपचार करण्याचा देशातला पहिला गाजलेला प्रयोग कर्नाटकातच झाला, बळ्ळारीत, १९८० च्या दशकात. १९९६ मध्ये सुरू झालेला राष्ट्रीय जिल्हा कार्यक्रम त्याच नमुन्यावर उभा राहिला.

उपाय आहेत. अंडाशये लवकर गेली असतील आणि दुसरा धोका नसेल, तर पाळी जाण्याच्या नैसर्गिक वयापर्यंत हार्मोन घ्यायला डॉक्टर सहसा सांगतात. उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, तर मनोवैद्याकडे जावे; तिला औषध आहे, समुपदेशन आहे. रोजचे चालणे आणि ठरल्या वेळची झोप यांनीही फरक पडतो. गाणगापूरला जायचे असेल तर अवश्य जावे, तिथे बाईला निदान मोठ्याने रडता येते; पण येताना डॉक्टरकडेही जावे.

आणि माझ्यासारख्या कारकुनाची एक सूचना. ऑपरेशनचे डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा. अंडाशये ठेवली की काढली, हे पुढच्या डॉक्टरला लगेच कळायला हवे. पिशवी काढलेल्या ओळखीच्या बाईला हे विचारून पाहा. बहुतेकींना ते कोणी सांगितलेलेच नसते.