साप चावला तर मांत्रिक नको, थेट दवाखाना गाठा

साप चावला की अजूनही काहीजण आधी मांत्रिकाकडे, नाहीतर झाडपाला देणाऱ्याकडे धावतात. बरेच साप बिनविषारी असतात. विषारी सापही दर वेळी विष सोडतोच असं नाही. असा माणूस तसाही वाचतो, पण नाव मंत्राचं होतं.

नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांचं विष भिनलं तर प्रतिसर्पविषाचं इंजेक्शन हाच इलाज. मण्यार बहुधा रात्री झोपेत चावते. सूज नाही, फारसं दुखतही नाही, म्हणून वेळ जातो.

जखम कापू नका, चोखू नका, दोरी आवळू नका. चावलेला हात-पाय हलू देऊ नका, १०८ ला फोन करा. दवाखान्यात जाऊ न देता मंत्रतंत्र करणं २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे.