जुन्या मोटारींचे आस व सांधे : साधनचिकित्सेचा एक प्रश्न

छत्रपती संभाजीनगरनजीक शेंद्रा येथे, शहराचे नाव औरंगाबाद असताना, २००१ मध्ये स्कोडा ऑक्टेव्हियाची बांधणी सुरू झाली. याच नावाची मोटार चेकोस्लोव्हाकियात १९५९ मध्ये निघाली होती. तथापि त्या गाडीत इंजिनाची शक्ती मागील चाकांस मिळे. शेंद्र्याच्या गाडीत ती पुढील चाकांस मिळू लागली. नाव एक, कुळही एक. परंतु एकीचा आस दुसरीस चालत नाही. तेव्हा जुन्या मोटारीची परीक्षा नावावरून होत नाही, सांध्यावरून होते.

पुढील चाकास फिरणे व वळणे ही दोन्ही कामे एकाच वेळी करावी लागतात. साधा क्रॉस-सांधा कोनात असता एका फेऱ्यात दोनदा वेग वाढवितो व दोनदा घटवितो; कोन मोठा होताच हिसके बसतात. या दोषाच्या निवारणार्थ समवेगी सांधा निर्माण झाला. फ्रान्समध्ये ग्रेगवार व फेनाय यांचा ट्राक्टा सांधा १९२६ च्या सुमारास आला. अमेरिकेत आल्फ्रेड रझेप्पा यांनी सहा गोळ्यांचा सांधा रचला. त्यात गोळ्या सदैव दोन आसांमधील कोन दुभागणाऱ्या प्रतलात राहतात. इंग्लंडमधील १९५९ च्या मिनीने तो सामान्यांच्या गाडीत आणला.

अदलाबदलीचे बोलके उदाहरण मात्र जीपचे होय. दुसऱ्या महायुद्धात मागणी एवढी होती की पुढील आसाच्या एकाच कवचात बेंडिक्स-वाइस, रझेप्पा, ट्राक्टा व स्पायसर असे चार जातींचे सांधे कारखान्यातच बसविले गेले. कवच समान, अंतरंग भिन्न. एका जातीच्या गोळ्या दुसरीच्या खोबणीत बसत नाहीत. म्हणून आस व सांधा हा संच अखंड धरावा लागतो. महिंद्रांनी १९४७ मध्ये मुंबईत विलीज जीपची जुळणी आरंभिली. पुढे महाराष्ट्रातील जीप-दुरुस्तीस हाच वारसा लाभला.

यावरून निघणारा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. जीपमध्ये दोन गाड्यांचे सांधे भिन्न आढळले, म्हणजे एकीत मागाहून फेरफार झालाच असे ठरत नाही. हस्तलिखितात प्रत्येक पाठभेद प्रक्षिप्त नसतो. पैठणच्या एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ती अनेक प्रती ताडून. संग्राहकाने तोच विवेक बाळगावा: काढलेला सांधा भंगारात न टाकता गाडीच्या नोंदीसह जपावा. "अस्सल" करण्याच्या भरात तो टाकला, तर गाडी चकचकीत होईल. पण तिचा पुरावा नष्ट होईल.