दत्तक घेताना पैशाचा हिशेब

मूल दत्तक घेण्याचा विचार घरात सुरू झाला की 'किती खर्च येतो' हा प्रश्न बहुतेक दाम्पत्ये सर्वांत शेवटी आणि काहीशा संकोचाने विचारतात. मुलाच्या संदर्भात पैशाची गोष्ट काढणे त्यांना अप्रशस्त वाटते. नेमका याच संकोचाचा फायदा घेणारे लोक आपल्याकडे कमी नाहीत. म्हणूनच हा प्रश्न प्रारंभीच आणि मोकळेपणाने विचारावा.

देशातील दत्तक प्रक्रियेवर केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाचे, म्हणजेच 'कारा'चे नियंत्रण असते. शुल्क किती घ्यायचे हे संस्था ठरवत नाही, ते नियमावलीने ठरते. २०१७ च्या नियमावलीनुसार भारतात राहणाऱ्या पालकांना गृहअध्ययन अहवालासाठी ६ हजार रुपये, बालसंगोपन निधीसाठी ४० हजार रुपये आणि मूल घरी आल्यानंतरच्या पाठपुरावा भेटींसाठी प्रत्येकी २ हजार रुपये द्यावे लागत. दोन वर्षांत दर सहा महिन्यांनी एक याप्रमाणे अशा चार भेटी होतात. म्हणजे एकूण ५४ हजार रुपये. पुढे २०२२ मध्ये नवी नियमावली आली. दर वेळोवेळी बदलतात, त्यामुळे नोंदणी करताना लागू असलेले परिशिष्ट 'कारा'च्या संकेतस्थळावर स्वतः वाचावे आणि दिलेल्या प्रत्येक रकमेची पावती घ्यावी.

यापलीकडे 'देणगी', 'रुग्णालयाचे बिल' किंवा 'आईला मदत' या नावाखाली कोणी रक्कम मागत असेल, तर तेथेच थांबावे. मुलाच्या बदल्यात दत्तकेच्छुकांकडून देणगी घेण्यास संस्थांना मनाई आहे. प्रतीक्षायादी टाळून प्रसूतिगृहातून थेट बाळ मिळवून देतो, असे सांगणारा मध्यस्थ तर सरळ गुन्हाच करीत असतो. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ८१ नुसार मुलाची विक्री करणारा आणि खरेदी करणारा असे दोघेही दोषी ठरतात. त्यासाठी पाच वर्षांपर्यंत सश्रम कारावास व एक लाख रुपये दंड आहे. रुग्णालयातील कर्मचारी यात सामील असल्यास शिक्षा तीन ते सात वर्षांची आहे. पैसे बुडतात ते वेगळेच; महिनोन्महिने अंगाखांद्यावर खेळलेले मूल ताब्यातून जाऊ शकते.

अधिकृत शुल्क, थोडक्यात, मध्यमवर्गीय कुटुंबाला झेपण्याजोगे असते. खरा भार येतो तो मूल घरी आल्यावर.

पहिला प्रश्न रजेचा. २०१७ च्या दुरुस्तीने दत्तक मातेला बारा आठवड्यांची पगारी रजा मिळाली, मात्र बाळ तीन महिन्यांहून लहान असेल तरच. प्रत्यक्षात आईने स्वाधीन केलेल्या बाळाबाबत फेरविचारासाठीच कायद्याने दोन महिने दिलेले आहेत. त्यानंतरची कागदपत्रे आणि पालकनिवड धरली, तर मूल घरी येईपर्यंत ही वयोमर्यादा सहज ओलांडली जाते. केंद्र सरकारी महिला कर्मचाऱ्यांना एक वर्षाच्या आतील मुलासाठी १८० दिवसांची रजा आहे. खासगी नोकरी असेल तर कार्यालयाचे सध्याचे धोरण आधीच लेखी मागून घ्यावे. बिनपगारी रजेचे तीन-चार महिने हाच अनेक घरांत खर्चाचा सर्वांत मोठा आकडा ठरतो.

दुसरा विम्याचा. अंतिम आदेशापूर्वी मूल दत्तकपूर्व संगोपनासाठी पालकांकडे येते. (हा आदेश १ सप्टेंबर २०२२ पासून न्यायालयाऐवजी जिल्हा दंडाधिकारी देतात.) या मधल्या काळात आरोग्यविमा लागू होतो का आणि पूर्वीच्या आजारांचे काय, हे विमा कंपनीला विचारून ठेवावे. मुलाचा वैद्यकीय अहवाल आपल्या बालरोगतज्ज्ञाला दाखविण्याची मुभा पालकांना असते. तपासणीचे चार पैसे गेले तरी ती संधी सोडू नये.

प्रवासाचा खर्चही धरावा, कारण मूल दुसऱ्या राज्यातील संस्थेतूनही येऊ शकते. सहा-सात वर्षांचे मूल घेणाऱ्यांना दुपट्यांचा खर्च नसतो. त्यांच्यापुढे पहिल्याच महिन्यात शाळाप्रवेश, दातांचे उपचार, नव्या भाषेसाठी शिकवणी आणि गरज पडल्यास समुपदेशक, असे सारे एकदम उभे राहते.

लहान बाळासाठीची प्रतीक्षा काही वर्षांची असते. ती कंटाळवाणी खरी. पण बचतीला तेवढाच अवधी मिळतो. दरमहा ५ हजार रुपये बाजूला टाकले, तर तीन वर्षांत व्याजाविना १ लाख ८० हजार जमतात. शुल्क, प्रवास आणि रजेचे सुरुवातीचे महिने यांना त्यातून बराच आधार मिळतो.

दत्तक मुलाला वारसाहक्कासह औरस अपत्याचे सर्व अधिकार मिळतात. तरीही आदेश हाती पडताच भविष्य निर्वाह निधी, विमा व बँक खात्यांवरील नामनिर्देशन बदलून घ्यावे. मुलगी दहा वर्षांच्या आतील असेल, तर तिच्या नावे सुकन्या समृद्धी खाते उघडता येते.