दिवाणबहादूर अण्णासाहेब लठ्ठे : वकिली ते मध्यवर्ती कायदेमंडळ

दक्षिण महाराष्ट्रातील जैन समाजाच्या अर्वाचीन इतिहासात दिवाणबहादूर अण्णा बाबाजी लठ्ठे यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. त्यांचा जन्म 1878 साली कुरुंदवाड येथे झाला. एम.ए., एलएल.बी. होऊन ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात इंग्रजीचे प्राध्यापक झाले. 1899 साली स्तवनिधी येथे स्थापन झालेल्या दक्षिण महाराष्ट्र जैन सभेच्या आद्य कार्यकर्त्यांपैकी ते एक होत.

कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगची जबाबदारी त्यांच्याकडे असताना हातकणंगले तालुक्यातील कुंभोजचे भाऊराव पाटील तेथे विद्यार्थी होते. अस्पृश्यांच्या वसतिगृहाच्या समारंभास भाऊराव उपस्थित राहिले. परतल्यावर त्यांनी स्नान करण्यास नकार दिला आणि त्यामुळे त्यांना बोर्डिंग सोडावे लागले, असे त्यांच्या चरित्रांत नमूद आहे. सुधारकाच्या वसतिगृहातही सोवळे किती खोल रुजले होते, हे यावरून दिसते.

पुढे 1914 मध्ये कोल्हापुरात पुतळ्याला डांबर फासल्याचे प्रकरण उद्भवले आणि संशय लठ्ठे यांच्यावर आला. त्यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दडपण आणले गेले. ज्या गृहस्थांच्या शिस्तीमुळे बोर्डिंग सुटले, त्यांच्याविरुद्ध असत्य बोलण्यास भाऊरावांनी साफ नकार दिला. त्यापायी त्यांनी कारावास व छळ सोसला. याच भाऊरावांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली.

लठ्ठे यांनी कोल्हापूर सोडून बेळगावी वकिली सुरू केली. संस्थानचा आश्रय सुटला, पण ब्रिटिश मुलखातील सार्वजनिक जीवनाचे दार उघडले. 1919 च्या सुधारणा कायद्यान्वये झालेल्या निवडणुकीवर असहकारवाद्यांनी बहिष्कार घातला होता. ब्राह्मणेतर पक्षाने मात्र कायदेमंडळात जाण्याचा मार्ग पत्करला. त्यानुसार लठ्ठे दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात गेले. या मंडळाचे उद्घाटन फेब्रुवारी 1921 मध्ये ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या हस्ते झाले होते.

राजर्षी शाहू महाराजांचे निधन 1922 साली झाले. ज्या दरबाराच्या रोषामुळे गाव सोडावे लागले, त्याच महाराजांचे इंग्रजी चरित्र लठ्ठे यांनी 1924 साली दोन खंडांत प्रसिद्ध केले. शाहू-चरित्राच्या अभ्यासकांना आजही ते ग्रंथ चाळावे लागतात. 1926 मध्ये राजाराम महाराजांनी त्यांना कोल्हापूरचे दिवाणपद दिले. संशयाच्या छायेत बाहेर पडलेला माणूस अशा रीतीने संस्थानचा कारभारी होऊन परतला!

काँग्रेसमध्ये आल्यानंतर 1937 च्या बाळासाहेब खेर मंत्रिमंडळात ते मुंबई प्रांताचे अर्थमंत्री झाले. दारूबंदीमुळे तिजोरीला येणारी तूट भरून काढण्यासाठी 1939 मध्ये मुंबई व अहमदाबादच्या स्थावर मालमत्तेवर भाड्याच्या दहा टक्के कर बसविण्यात आला. घरमालकांनी मोठा गिल्ला केला, पण लठ्ठे मागे हटले नाहीत. त्याच वर्षी 1 ऑगस्टपासून मुंबईत दारूबंदी लागू झाली. नोव्हेंबरमध्ये युद्धाच्या प्रश्नावर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. 1950 साली लठ्ठे यांचे निधन झाले. सांगलीची लठ्ठे एज्युकेशन सोसायटी त्यांचे नाव धारण करते.