म्युनिकचा माणूस, मालाडचा कॅमेरा

भारतातून पाहुणे आले की म्युनिकमधले आम्ही मराठी लोक त्यांना ठरलेल्या ठिकाणी नेतो. मारिएनप्लाट्झ, इंग्लिश गार्डन, वेळ असेल तर नॉयश्वानस्टाइनचा राजवाडा. बरोबर मुलं असतील तर गायझलगास्टाइगचा फिल्म स्टुडिओ. 25 नंबरची ट्राम शहर मागे टाकून झाडीतून जाते आणि ‘बावारियाफिल्मप्लाट्झ’ या थांब्यावर सोडते. आत ‘दास बोट’ या गाजलेल्या चित्रपटातली पाणबुडी आहे, मुलं तिच्यात वाकून वाकून फिरतात. गाइड सगळं रंगवून सांगतो. मालाडचं नाव मात्र मी त्याच्या तोंडून कधी ऐकलेलं नाही. खरं तर त्या आवाराचा आणि आपल्या मालाडचा संबंध शंभर वर्षांचा आहे.

पहिल्या महायुद्धानंतर, 1919 मध्ये, पेटर ओस्टरमायर यांनी इथे ‘एमेल्का’ नावाची चित्रपट कंपनी उभी केली. पुढे तिचंच ‘बावारिया’ झालं. 1925 साली या कंपनीनं हिमांशु रॉय या बंगाली तरुणाबरोबर गौतम बुद्धांच्या आयुष्यावर मूकपट काढायचं ठरवलं. दिग्दर्शक होते ओस्टरमायर यांचे भाऊ फ्रान्झ ओस्टन. कॅमेऱ्यावर दोघे जण: विली कीरमायर आणि योझेफ विर्शिंग. विर्शिंग म्युनिकचेच, जन्म 1903 चा. मुंबईच्या धक्क्यावर पाऊल ठेवलं तेव्हा त्यांचं वय अवघं बावीस वर्षांचं होतं.

‘प्रेम संन्यास’ किंवा ‘द लाइट ऑफ एशिया’ हा तो चित्रपट. स्टुडिओतले सेट नाहीत, कृत्रिम दिवे नाहीत, असं त्याच्या सुरुवातीलाच अभिमानानं जाहीर केलेलं आहे. याचा कॅमेरामनच्या दृष्टीनं अर्थ काय, ते बघा. बव्हेरियाच्या मऊ, ढगाळ उजेडात हात बसलेला मुलगा एकदम राजस्थानच्या उन्हाळ्यात उभा राहतो. माथ्यावरचा सूर्य चेहऱ्याला डोळ्यांखाली काळ्या खाचा पाडतो, पांढरं कापड फटफटीत होतं, आणि काढलेली फिल्म उन्हापासून जपायची चिंता वेगळीच. जयपूर संस्थानाच्या मदतीमुळे हत्ती, घोडे, वाडे, माणसं यांची ददात नव्हती. उजेड मात्र महाराजांच्या हातात नव्हता. त्या मोहिमेत विर्शिंगना या देशाच्या उन्हाची जी ओळख झाली, ती पुढे जन्मभर उपयोगी पडली.

एक गमतीचा योगायोग. त्याच 1925 साली ‘लायका’ हा लहानसा कॅमेरा जर्मनीत बाजारात आला. त्यात घालायची फिल्म सिनेमाचीच, 35 मिलिमीटरची. मोठं तिकाटणं आणि काचेच्या प्लेटा यांतून फोटोग्राफरची सुटका झाली, कॅमेरा गळ्यात अडकवून कुठेही फिरता येऊ लागलं. सिनेमाच्या कॅमेरामनला तर हे साधन घरचंच वाटावं. विर्शिंग हे पडद्यावरचं चित्रीकरण करणारे म्हणून ओळखले जातात, पण त्यांनी हजारो स्थिरचित्रंही काढली. सेटवरची, प्रवासातली, माणसांची, मोकळ्या निसर्गाची.

1934 मध्ये हिमांशु रॉय आणि देविका राणी यांनी मालाडला ‘बॉम्बे टॉकीज’ सुरू केली. रीतसर नोंदलेली मर्यादित कंपनी, संचालक मंडळावर शहरातली वजनदार मंडळी, स्वतःची प्रयोगशाळा, महिन्याच्या महिन्याला पगार. ओस्टन आले, विर्शिंग आले, नेपथ्यासाठी कार्ल फॉन श्प्रेती आणि प्रयोगशाळेसाठी विल्हेल्म झोले हे जर्मनच आले. त्या वेळचं मालाड म्हणजे मुंबईबाहेरचं शांत गाव. तिथे 1935 साली ‘जवानी की हवा’ तयार झाला आणि 1936 साली ‘अछूत कन्या’. ओस्टन यांना हिंदी येत नव्हतं. संवाद कसा झाला हे इतरांनी सांगायचं, आणि चेहरा कसा दिसला हे विर्शिंगनी.

देविका राणींचे त्या चित्रपटांतले क्लोज-अप पाहिले की विर्शिंग यांचं काम कळतं. दिवा वरून एका बाजूनं, केसांच्या कडेला मागून हलकी रेघ, आणि गालाची दुसरी बाजू सावलीत सोडून दिलेली. सगळा चेहरा सारखा उजळून टाकायचा मोह त्यांना होत नाही. ही जर्मन मूकपटांची शिकवण. तीच त्यांनी गावातल्या अंगणावर, रेल्वे फाटकावर, झाडाखालच्या जोडीवर वापरली.

आणि चित्रीकरण थांबलं की त्यांचा दुसरा कॅमेरा चालू व्हायचा. दोन शॉटच्या मधला वेळ, कामात गढलेली माणसं, पडद्यावर कधीच न दिसणारे चेहरे. प्रसिद्धीसाठी नटनट्यांचे फोटो सगळेच स्टुडिओ काढत. सेटमागच्या कामकऱ्यांची आठवण ठेवणारे थोडे. त्या काळातले कितीतरी भारतीय चित्रपट आज उरलेच नाहीत. फिल्म जळली, कुजली, चांदीसाठी विकली गेली. अशा वेळी स्टुडिओ चालायचा कसा, याचा सरळ पुरावा म्हणजे ही छायाचित्रं.

सप्टेंबर 1939. ‘कंगन’चं काम चालू होतं, नायिका आपल्या लीला चिटणीस. युरोपात युद्ध जाहीर झालं आणि हिंदुस्थानातले जर्मन नागरिक एका दिवसात शत्रू ठरले. ओस्टन यांना पकडलं. त्यांनी 1936 मध्ये नाझी पक्षाचं सभासदत्व घेतलेलं होतं, हेही इथे सांगायला हवं. वय झालेलं असल्यामुळे त्यांना पुढे जर्मनीला जाऊ दिलं. विर्शिंग यांची युद्धाची वर्षं मात्र स्थानबद्धतेत गेली. अशा जर्मनांच्या छावण्या आपल्या ओळखीच्या गावांत होत्या: अहमदनगर, देवळाली, नंतर दूर डेहराडून. कुटुंबांना सातारा आणि पुरंदर इथे ठेवत. हिटलरच्या छळातून पळून आलेले काही ज्यूही पुरंदरावर होते, कारण पासपोर्टवर देश तोच लिहिलेला. मनात काय आहे, हे सरकारनं कोणाला विचारलं नाही.

स्टुडिओ बंद पडला नाही. विर्शिंग यांच्या खात्यात तयार झालेले भारतीय कॅमेरामन पुढे सरसावले. 1943 चा ‘किस्मत’ कलकत्त्याला तीन वर्षांहून जास्त चालला, त्याचं छायाचित्रण आर. डी. परींजा यांचं. शिकवून ठेवलेलं वाया गेलं नव्हतं.

सुटल्यावर विर्शिंग परत म्युनिकला जाऊ शकले असते. ते मुंबईत राहिले. 1949 च्या ‘महल’मध्ये मधुबाला काळोखातून पुढे येते, ते त्यांचं काम. मग ‘दिल अपना और प्रीत पराई’ आणि अखेर कमाल अमरोहींचा ‘पाकीज़ा’. तो वर्षानुवर्षं रेंगाळला. 1967 च्या जूनमध्ये विर्शिंग मुंबईत वारले. उरलेलं चित्रण दुसऱ्यांनी त्यांच्या पद्धतीला धरून पुरं केलं आणि 1972 मध्ये चित्रपट लागला. छायाचित्रणासाठी नाव विर्शिंग यांचंच आहे.

फोटो कुटुंबानं सांभाळले. 2017 च्या डिसेंबरात पणजीच्या सेरेंडिपिटी कला महोत्सवात त्यांचं प्रदर्शन झालं, पुढे देबश्री मुखर्जी यांनी संपादित केलेलं पुस्तकही निघालं. मालाडला स्टुडिओच्या जागेवर आता लहान कारखाने आणि गोदामं आहेत. रिक्षावाल्याला ‘बॉम्बे टॉकीज कंपाउंड’ म्हटलं की तो मात्र बरोबर नेतो.

हे सगळं मी आत्ता लिहितो आहे, त्याला घरगुती कारण आहे. जून 2024 पासून जर्मनीनं दुहेरी नागरिकत्वाला मुभा दिली. भारत देत नाही. त्यामुळे इथल्या मराठी घरांत रविवारच्या जेवणानंतर हाच विषय निघतो. माझा अर्ज भरून ड्रॉवरमध्ये पडला आहे. बायको म्हणते, कागदच तर आहे. मलाही तसंच वाटतं, आणि मग 1939 आठवतं. चौदा वर्षांपूर्वी प्रथम हा देश पाहिलेल्या, इथली माणसं रोज डोळ्यांत साठवणाऱ्या माणसाला त्या कागदानंच उचलून नेलं होतं.

लीला चिटणीस उतारवयात मुलांजवळ अमेरिकेला गेल्या आणि 2003 मध्ये कनेक्टिकटमधल्या डॅनबरीत वारल्या. म्युनिकच्या माणसाचा शेवट मुंबईत झाला, आणि मराठी रंगभूमीवरून मालाडला आलेल्या नायिकेचा अमेरिकेत.

पुढच्या महिन्यात पुण्याहून मामा-मामी येणार आहेत. मामांना जुन्या सिनेमांचं वेड. त्यांना 25 नंबरच्या ट्राममधून नेईन, आणि पाणबुडी दाखवायच्या आधी फाटकापाशी थांबून ही गोष्ट सांगेन. अर्जाचं काय करायचं, ते त्यांनाही विचारीन.