बारवीचे पाणी आणि आपले ऋण

धरणाचा इतिहास आपल्याकडे बहुधा भिंतीचा इतिहास म्हणून लिहिला जातो. भिंत केव्हा उभी राहिली, उंची किती, साठा किती, एवढे सांगून लेखणी थांबते. भिंतीमागे कोणाचे शेत गेले आणि पाण्याचे पुढे काय झाले, ही दोन प्रकरणे कोरीच राहतात. बारवीच्या बाबतीत ती वाचणे आपणां शहरवासीयांचे कर्तव्य आहे.

१९४९ मध्ये सिंधी निर्वासितांच्या कल्याण छावणीचे उल्हासनगर झाले. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि अंबरनाथ, डोंबिवली, बदलापूर या पट्ट्यात कारखानदारी वाढली. तिची तहान भागविण्यासाठी महामंडळाने १९७२ मध्ये बारवी नदी अडविली. आज कारखान्यांबरोबर ठाणे जिल्ह्यातील अनेक शहरेही हेच पाणी पितात.

त्या वेळी भूसंपादनाचा कायदा १८९४ चा, इंग्रजी अमदानीतला होता. त्यात जमिनीच्या मोबदल्याची तरतूद होती; उठविलेल्या माणसाला पुन्हा वसविण्याचे बंधन नव्हते. टाटांच्या वीजप्रकल्पासाठी मुळशीचे खोरे बुडू लागले, तेव्हा १९२१ मध्ये सेनापती बापट मावळ्यांसह सत्याग्रहास उभे राहिले. धरण झालेच, परंतु शेतकऱ्याच्या संमतीवाचून त्याची भूमी घ्यावी काय, हा त्यांचा प्रश्न पाण्याखाली गेला नाही. तथापि पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रात झाला तो १९७६ मध्ये, म्हणजे बारवी अडल्यानंतर.

पुढे धरणाची उंची टप्प्याटप्प्याने वाढली. अखेरच्या वाढीत तोंडली, काचकोली अशा गावापाड्यांतील हजाराहून अधिक कुटुंबे बाधित झाली. केवळ पैशावर समाधान न मानता त्यांनी घरटी एक नोकरी मागितली. ती महामंडळाने आणि पाणी घेणाऱ्या नगरपालिका-महापालिकांनी द्यावी, असे ठरले. २०१९ च्या पावसाळ्यात धरण वाढीव उंचीपर्यंत भरले. नोकरीसाठी मात्र त्यानंतरही अनेकांना वाट पाहावी लागली. तरीही जो पाणी पितो त्याने विस्थापितांचा भार उचलावा, हे तत्त्व येथे मान्य झाले, ही लहान गोष्ट नव्हे.

आता दुसरे प्रकरण. अंबरनाथच्या शके ९८२ मधील शिलाहारकालीन शिवालयाजवळून वालधुनी वाहते. कारखान्यांचे आणि वस्त्यांचे सांडपाणी पोटात घेऊन ती कल्याणजवळ उल्हास नदीस मिळते व तेथून खाडीकडे जाते. नोव्हेंबर २०१४ मध्ये उल्हासनगरात तिच्या पात्रात सोडलेल्या रसायनांच्या वायूने शेकडो लोकांना रुग्णालयात न्यावे लागले. उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणाबद्दल राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दंडही ठोठावला. पण खाडीत जाळे टाकणाऱ्या कोळ्याची मासळी दंडाने परत येत नाही. त्याची जमीन कोणी संपादन केली नाही. म्हणून कोणत्याही कायद्याच्या यादीत तो बाधित म्हणून लिहिला गेला नाही.

डोंगराकडच्या शेतकऱ्याचे ऋण आपण उशिरा का होईना, मान्य केले. खाडीकाठच्या कोळ्याचे ऋण अद्याप वहीत मांडलेलेच नाही. ते मांडावयाचे तर आपल्या गावचे सांडपाणी शुद्ध करूनच नदीत सोडले जाते की नाही, हे नगरपालिकेला विचारण्यापासून आपण आरंभ केला पाहिजे.